बरगे कोणी घालायचे?

कोल्हापुरातून एका एकतीस वर्षांच्या वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्या जन्मापासून दृष्टिहीन आहेत. राजारामपुरीतल्या एका खोलीत त्या दृष्टिहीन मुलामुलींना कॉम्प्युटर शिकवतात. मशिन्स पाच, सगळी देणगीत आलेली आणि जुनी. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. त्या मशिन्सवर विंडोज ११ बसत नाही, म्हणून त्यांनी एका मित्राच्या मदतीने तीन मशिन्सवर विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स घातलं आणि ओर्का हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम, सुरू केला. काही महिने बरं चाललं. आता कानावर वेगळंच येतंय. लिनक्समधली पडद्यामागची जुनी यंत्रणा जाऊन नवी येतेय, तिच्यात स्क्रीन रीडरचे हाल आहेत, ओर्का दोनचार माणसांच्या जिवावर उभा आहे, पैसा आटलाय. थोरले बंधू म्हणतात, "फुकटच्या वस्तूचं असंच. आज आहे, उद्या नाही." ओळखीतल्या एकाने एका महागड्या स्क्रीन रीडरची क्रॅक केलेली कॉपी देऊ केली आहे. त्या विचारतात, "ताई, ज्याला भविष्यच नाही असलं काहीतरी शिकवून मी पोरांचं वाटोळं करतेय का? विंडोजकडे परत जाऊ का?"

तू मला ताई म्हणालीस, म्हणून एकेरीवर येते. तुझं पत्र मी दोनदा ऐकलं. पहिल्यांदा नेहमीच्या वेगाने, दुसऱ्यांदा सावकाश, कारण 'पोरांचं वाटोळं' या शब्दांपाशी मला थांबावं लागलं. माझी नजर चौतिसाव्या वर्षी गेली. पुढची दोन वर्षं माझी पत्रं घरातलं कुणीतरी वाचून दाखवायचं, आणि मग एके दिवशी कॉम्प्युटरने वाचून दाखवलं. तो आवाज बंद पडला तर काय, ही भीती मीही उशाशी घेऊन झोपलेली आहे. तेव्हा तू उगाच घाबरतेस असं मी म्हणणार नाही.

आधी त्या क्रॅकचं मिटवून टाकू. नको. स्क्रीन रीडर मशिनवरची प्रत्येक कळ ऐकतो. पासवर्डची चौकट त्याच्यासमोर येते, बँकेतली शिल्लक आणि ओटीपी तोच वाचून दाखवतो. अशा प्रोग्रामचं कुलूप ज्याने फोडलं त्याने आत आणखी काय भरून ठेवलंय, हे तुला कधी कळणार नाही. तुझे विद्यार्थी त्याच मशिनवर आपली खाती उघडतात. देणाऱ्याचा हेतू चांगला असेल, तरीही नको.

आता तुझ्या दादाचं म्हणणं. पैसे मोजले की वस्तू टिकते, हा समज आपल्या सगळ्यांच्याच अंगात मुरलाय. विंडो-आइज नावाचा विकतचा स्क्रीन रीडर होता. लोकांनी दोन दशकं पैसे मोजून तो वापरला, आणि २०१७ मध्ये तो बंद झाला. पैसे भरणाऱ्यांच्या हातात सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, नव्हता, त्यामुळे दुसऱ्या कुणाला पुढे येऊन तो चालू ठेवता आला नाही. ओर्काच्या बाबतीत नेमकं उलट घडलं. तो सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत तयार झाला. २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली आणि त्यावर काम करणाऱ्यांना कमी केलं. त्या वेळी ओर्का संपला असंच अनेकांना वाटलं होतं. कोड सगळ्यांसाठी खुला होता, म्हणून जोनमेरी डिग्ज यांनी तो हातात घेतला आणि काम पुढे सुरू राहिलं. तू आज जो आवाज ऐकतेस तो त्यातूनच आलेला आहे.

आणि विंडोजकडे परत जाऊन तू वापरणार काय? क्रॅक घेतला नाहीस तर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर. तोही मुक्त सॉफ्टवेअरच, म्हणजे कोड सगळ्यांना खुला! ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन यांनी २००६ मध्ये तो लिहायला घेतला, पुढे त्यांचे मित्र जेमी टेह सोबत आले. दोघेही दृष्टिहीन, लहानपणी अंध मुलांच्या संगीत शिबिरात भेटलेले. आज त्या 'फुकटच्या' वस्तूची ताकद बघ. वेबएम या संस्थेच्या २०२३-२४ च्या पाहणीत मुख्य स्क्रीन रीडर म्हणून ४०.५ टक्के लोकांनी जॉज या विकतच्या प्रोग्रामचं नाव घेतलं आणि ३७.७ टक्के लोकांनी एनव्हीडीएचं. तेव्हा दादाला सांग, विंडोज की लिनक्स हा एक प्रश्न आहे आणि विकतचं की मुक्त हा दुसरा. ते दोन्ही एका दाव्याला बांधायचे नाहीत.

मी शिकत होते तेव्हा विकतच्या प्रोग्रामची किंमत आमच्या घरात कुणी तोंडाने उच्चारतही नव्हतं. चाचणीपुरती मिळणारी त्याची आवृत्ती चाळीस मिनिटं चालायची, मग गप्प. पुन्हा बोलायला हवी तर मशिन बंद करून सुरू करायचं. चाळीस मिनिटांचा अंदाज मला आजही घड्याळाशिवाय येतो. भाताचा कुकर, आमटीला फोडणी आणि चार भाकऱ्या. अर्ज अर्धा लिहून झालेला असायचा आणि आवाज जायचा. मला पहिल्यांदा एनव्हीडीए कुणी घालून दिला, त्या रात्री मी दोन वाजेपर्यंत बसले होते. काही विशेष करत नव्हते. तो थांबत नाही एवढंच ऐकत होते.

आता तुझ्या खऱ्या भीतीकडे येऊ. तुझ्या कानावर आलंय ते खोटं नाही, पण अर्धं आहे.

लिनक्सच्या पडद्यामागे इतकी वर्षं एक्स नावाची यंत्रणा होती. ती जुन्या वाड्यातल्या माजघरासारखी. कोण काय बोलतंय, कोणती कळ दाबतंय, सगळ्यांचं सगळ्यांना ऐकू यायचं. ओर्काला ते सोयीचं होतं. तू कॅप्स लॉक धरून एखादी कळ दाबलीस की ती आपल्यासाठी आहे हे त्याला लगेच समजायचं. पण जे ओर्काला ऐकू येतं तेच चोरट्या प्रोग्रामलाही ऐकू येतं. म्हणून वेलँड ही नवी यंत्रणा आली. तिने प्रत्येक प्रोग्रामला आपापली खोली दिली आणि दारं लावून घेतली. या बंदोबस्तात चोराबरोबर ओर्काही दाराबाहेर राहिला. घराची नवी मांडणी करताना, घरात कुणीतरी ऐकून वावरणारं माणूसही आहे, हे ध्यानात ठेवलं गेलं नाही. मला याचा राग आहे आणि तो मी लपवत नाही.

पुढे दुरुस्ती सुरू झाली. लिनक्सवरच्या ग्नोम या डेस्कटॉपची ४८ वी आवृत्ती मार्च २०२५ मध्ये आली, तिच्यात ओर्कासाठी रीतसर दार केलं गेलं आणि कॅप्स लॉकसह त्याच्या कळा वेलँडवर चालू लागल्या. त्याच वर्षी सप्टेंबरच्या ग्नोम ४९ मध्ये एक्सचा पर्याय मुळातच बंद ठेवला गेला, आणि ऑक्टोबरच्या उबुंटू २५.१० या लिनक्सच्या एका प्रकारातून ग्नोमसाठीचा तो पर्याय गेला. म्हणजे दार केल्यावर सहाच महिन्यांत जुनं घर पाडायला घेतलं. तुझ्या पोटात गोळा आला तो याचाच. पैशाचं म्हणशील, तर जर्मन सरकारच्या सॉव्हरिन टेक फंडने २०२३ मध्ये ग्नोमला दहा लाख युरो दिले होते. त्यातून इतर कामांबरोबर न्यूटन नावाचं एक काम सुरू झालं, वेलँडवर स्क्रीन रीडरसाठी सगळी मांडणी पायापासून नव्याने करण्याचं. नमुना चालवून दाखवला गेला, पण निधीची मुदत संपली आणि ते काम रोजच्या वापरापर्यंत पोचलं नाही.

हे सगळं ऐकून 'याला भविष्य आहे का' असा प्रश्न पडणं साहजिक आहे. पण हा प्रश्न तू पावसाबद्दल विचारावा तसा विचारतेस, येणार का नाही येणार. मला ती गोष्ट कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यासारखी वाटते. माझे वडील नदीकाठचे शेतकरी, त्यामुळे लहानपणी मी हे पाहिलंय. पावसाळा सरला की माणसं बंधाऱ्यावर यायची. खांबांच्या खाचांमध्ये बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, एकावर एक बसवायचे, दोन ओळींच्या मधल्या जागेत माती भरून दाबायची, तेव्हा कुठे पाणी अडायचं. पावसाळ्याच्या तोंडावर तेच बरगे पुन्हा काढायचे. दरवर्षी. आपल्या नावाने ओळखला जाणारा हा कोल्हापुरी बंधारा एकदा बांधून विसरून जायची गोष्ट नव्हे. एका वर्षी बरगे घातले नाहीत, तर दगडी खांब जागच्या जागी उभे आणि पाणी खाली निघून गेलेलं. वडील कधी 'बंधाऱ्याला भविष्य आहे का' असं विचारायचे नाहीत. 'बरगे घातले का' असं विचारायचे.

स्क्रीन रीडरचं काम असंच आहे. पडद्यावरचा प्रत्येक प्रोग्राम आपल्या पोटात काय आहे ते एका झाडासारखं मांडून सांगतो. ही खिडकी, तिच्यात हा मेन्यू, मेन्यूत ही सात नावं. ओर्का त्या फांद्यांवरून फिरतो आणि सापडेल ते आवाजाकडे पाठवतो. प्रोग्राम लिहिणाऱ्याने बटणाला नावच दिलं नसेल तर आपल्याला फक्त 'बटण, बटण, बटण' ऐकू येतं, मग यंत्रणा नवी असो वा जुनी, मशिनवर विंडोज असो वा लिनक्स. प्रोग्राम सतत बदलतात, म्हणून हे काम सतत करावं लागतं. ते करणारी माणसं थोडी आहेत हे खरंच आहे. तिथे मी तुला खोटा धीर देणार नाही.

फक्त 'एकट्या माणसाच्या जिवावर' म्हणजे 'आता बुडणार' असं धरून चालू नकोस. टी. व्ही. रामन पुण्याचे. चौदाव्या वर्षी काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली. वाडिया कॉलेजात गणित, मग आयआयटी मुंबई, मग अमेरिकेत कॉर्नेल. त्यांनी ईमॅक्स या मजकूर लिहिण्याच्या प्रोग्रामवर बोलणारी यंत्रणा, ईमॅक्सस्पीक, १९९५ मध्ये लोकांसाठी खुली केली आणि तीस वर्षं तिच्यावर काम करत राहिले. त्यांना ती रोज लागते, म्हणून ती टिकली. ज्याला पाणी हवं असतं तोच आधी बंधाऱ्यावर येतो.

तर आता वर्गाचं काय. माझं मत स्पष्ट आहे. ज्या मुलांना वर्षभरात नोकरी धरायची आहे त्यांना विंडोज आणि एनव्हीडीए यायलाच हवा. बँक असो, तहसील असो, शाहूपुरीतलं एखादं वकिलाचं ऑफिस असो, टेबलावर विंडोज असणार. मुक्त सॉफ्टवेअरवरच्या आपल्या मायेपोटी पोरांची भाकर अडवायची नाही. पुढची देणगी मागशील तेव्हा 'कॉम्प्युटर द्या' असं मोघम मागू नकोस. 'विंडोज ११ चालेल असं एक वापरलेलं मशिन द्या' असं नेमकं माग. अशी दोन झाली की नोकरीवाल्यांचं भागतं. आणि तीन लिनक्स मशिन्स आहेत तशी राहू देत. ती काढलीस तर त्यांच्या जागी येणार काय? सपोर्ट संपलेलं विंडोज १०. ते काही जास्त सुरक्षित नाही.

खरी राखण शिकवण्याच्या पद्धतीत आहे. पोरांना कळा पाठ करायला लावल्यास तर स्क्रीन रीडर बदलला की ती कोरी होतात. वेबपेजवर एच दाबलं की पुढचं शीर्षक येतं, टी दाबलं की पुढचा तक्ता. हे ओर्कात चालतं, एनव्हीडीएत चालतं, जॉजमध्येही चालतं. 'पान म्हणजे शीर्षकांचा सांगाडा, आधी सांगाडा ऐकायचा, मग मजकुरात शिरायचं' ही समज बसली की यंत्र कुठलंही असो. आठवड्यातून एक दिवस मशिन्सची अदलाबदल कर. आज ओर्कावर भरलेला फॉर्म उद्या एनव्हीडीएवर भरायचा. पहिले दोन आठवडे रडारड होईल, होऊ दे.

अपडेटची घाई करू नकोस. एकदा महत्त्वाचा अर्ज भरायच्या आदल्या रात्री मी हौसेने सगळी यंत्रणा नवी करून घेतली. सकाळी मशिन सुरू झालं, पंखा फिरल्याचं ऐकू येत होतं, आणि आवाज नाही. शेजारची कॉलेजातली मुलगी येईपर्यंत मी त्या मुक्या पडद्यासमोर तीन तास बसून होते. तेव्हापासून माझा नियम आहे: ज्या मशिनवर पोट आहे त्यावर प्रयोग नाही. तुझ्या तिन्हींपैकी दोन मशिन्स दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर ठेव. उबुंटू २४.०४ ला २०२९ पर्यंत आधार आहे आणि लॉगिनच्या वेळी तिथे अजून एक्स निवडता येतं. डेबियन १३ हा लिनक्सचा दुसरा प्रकार घेतलास तर त्यात ग्नोम ४८ आहे, म्हणजे ओर्काचं ते नवं दार आलेलं आहे. शिवाय डेबियनची सीडी किंवा पेन ड्राइव्ह सुरू झाल्यावर एस दाबून एंटर केलं की इन्स्टॉलेशनच बोलू लागतं, डोळस माणूस शेजारी बसवावा लागत नाही. तिसरं मशिन प्रयोगाचं. नवं जे येईल ते आधी तिथे ऐकायचं, आवाज नीट असेल तरच बाकीच्या दोघांकडे न्यायचं. आणि ग्नोम असलेल्या मशिनवर ओर्का मधेच गप्प झाला, तर सुपर (म्हणजे विंडोजची कळ), ऑल्ट आणि एस या तीन कळा एकत्र दाबायच्या; त्या ओर्का बंद-चालू करतात, म्हणून एकदा दाबून तो बोलला नाही तर पुन्हा दाबायच्या. हे प्रत्येक पोराच्या बोटांत पहिल्याच दिवशी बसव.

यापुढचं मी तुझ्याकडे जरा हक्काने मागणार आहे. तुझ्या पत्रात एक वाक्य आहे, 'आपण काय करणार, आपल्याला प्रोग्रामिंग येत नाही.' ते मला पटलं नाही. ओर्काचा मराठी आवाज बहुधा ई-स्पीक एनजी या मजकुराचा आवाज करणाऱ्या मुक्त प्रोग्रामचा असणार, एनव्हीडीएतही तो असतोच. त्यात मराठीसाठी उच्चारांच्या नियमांची एक फाइल आहे आणि अपवाद शब्दांची एक. ज्याला मराठी येत नाही तो कितीही हुशार प्रोग्रामर असला तरी 'चार' आणि 'चारा' यांतला च वेगळा आहे हे त्याला कसं कळणार? लिहिताना दोन्ही सारखे. चहा आणि चूल, जीव आणि जावई, तेच. बसून ऐका, तुमच्या मशिनवर कोणता शब्द कसा येतो. चुकला की लिहून ठेवा: शब्द, मशिनने केलेला उच्चार, खरा उच्चार. 'हे जग' आणि 'तू जग' असल्या जोड्या मात्र बाजूला काढा. तिथे लिखाण हुबेहूब सारखं आहे आणि अपवादांच्या यादीने तो गुंता सुटणार नाही. बाकीच्यांसाठी तुमची यादी सोन्यासारखी आहे. हे काम इंग्रजी जाणणाऱ्या हजार माणसांना जमणार नाही, तुझ्या खोलीतल्या आठ पोरांना जमेल. ओर्कातली चूक कळवतानाही हीच शिस्त: कुठली आवृत्ती, एक्स की वेलँड, कोणती कळ दाबली, काय व्हायला हवं होतं, काय झालं. 'चालत नाही' एवढंच कळवलं तर कुणालाच काही करता येत नाही.

एक दुखणं आणखी सांगते, कारण त्याचा दोष पोरं हमखास ओर्कावर टाकतात. मध्यंतरी एका संस्थेचा वार्षिक अहवाल मला आला. उघडला तर मशिन काहीतरी परग्रहावरचं बोलू लागलं. एका शब्दावर थांबून एकेक अक्षर ऐकलं: ई, जे, के, बी, एच. कृतीदेव फाँटमध्ये टाइप केलेला 'मराठी' हा शब्द होता तो! डोळ्यांना मराठी दिसतं, आत इंग्रजी अक्षरांचा कचरा. इथे जगातला कुठलाही स्क्रीन रीडर हतबल आहे. उपाय एकच, युनिकोड, ज्यात मराठी अक्षर आतही मराठीच राहतं. असं पत्रक आलं की पाठवणाऱ्याला सौम्यपणे पण न चुकता कळवायचं, आणि सरकारी कार्यालय असेल तर विनंतीच्या सुरात नाही. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आहे, आणि ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं आहे. पत्रात ती तारीख लिहायची.

तू ज्या कागलकडच्या मुलीबद्दल लिहिलंयस, जिने ओर्कावर शिकून पहिला अर्ज स्वतः टाइप केला आणि घरी फोन करून तो वाचून दाखवला, तिला या यादीचं काम दे. तिचा कान तयार आहे असं तुझ्या लिहिण्यावरून वाटतं. रोज दहा शब्द, जास्त नको. शंभर झाले की मला पाठव. ई-स्पीकच्या लोकांना द्यायचा इंग्रजी मजकूर मी करून देते, खाली नाव मात्र तिचं घालायचं.